संगणकशिक्षणाची उलटी दिशा

काळबादेवीच्या निर्णयसागर छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेले पुस्तक आज हाती आले, तर ते वाचण्यासाठी त्या छापखान्याचे खिळे, त्याची यंत्रे किंवा जावजी दादाजींच्या कारखान्यातील एखादा जुळारी शोधून आणावा लागत नाही. डोळे आणि देवनागरीची ओळख एवढे भांडवल पुरते. याउलट १९९५च्या सुमारास गिरगावात किंवा दादरला संगणकावर जुळवलेल्या एखाद्या स्मरणिकेची मूळ फाइल आज उघडून पाहावी. ज्या टंकात ती जुळवली तो टंक समोरच्या संगणकावर नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि अनाकलनीय चिन्हे यांची रांग उमटते. सव्वाशे वर्षांपूर्वीचा मजकूर बोलतो आणि तीस वर्षांपूर्वीचा मुका होतो, ही विसंगती केवळ यंत्राच्या माथी मारता येणार नाही. माहिती वेगळी आणि ती हाताळणारे यंत्र वेगळे, हा साधा विवेक संगणक शिकवताना सांगितला गेला नाही, हे तिचे खरे कारण आहे. खेदाची गोष्ट अशी की, तो आजही पुरेसा सांगितला जात नाही.

संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ या संकेतात १२८ क्रमांक होते आणि ते रोमन लिपी, अंक, विरामचिन्हे व यंत्राच्या आज्ञा यांतच संपले. पुढे आठ बिटांच्या व्यवस्थेत ते २५६ झाले, तरी जोडाक्षरांच्या सर्व आकृत्यांसह देवनागरी त्यांत मावणे शक्य नव्हते. खिळ्यांची जागा जेव्हा संगणकीय अक्षरजुळणीने घेतली, तेव्हा टंक तयार करणाऱ्यांनी एक व्यवहारी तोड काढली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेव या सर्वपरिचित टंकात ‘भारत’ हा शब्द लिहिला, तर कागदावर तो भारत असाच दिसतो. संगणकाच्या स्मृतीत मात्र एच, के, के, जे, आर अशी पाच रोमन अक्षरे साठतात. दुसऱ्या टंकात याच शब्दासाठी निराळीच अक्षरे लागतात. शिवाय हे तुकडे डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने बसतात. ‘हि’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘ह’च्या आधी साठते आणि ‘कर्म’मधील रफार ‘म’च्या नंतर. छापखान्याचे काम यातून उत्तम झाले, कारण छापखान्याला आकृती हवी होती. पण अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, नावांची अकारविल्हे यादी लावता येत नाही, आणि अंध विद्यार्थ्याला तो वाचून दाखवणारे यंत्रही ‘भारत’ऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ ऐकवते.

या दुखण्यावर औषध नव्हते असे नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१मध्ये ‘इस्की’ हा संकेत प्रसिद्ध केला. त्यात आकृतींना नव्हे तर वर्णांना क्रमांक दिले होते आणि ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांतील समान वर्णांना एकच क्रमांक ठेवला होता. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी योजलेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरूनच घेतलेली होती. विंडोज २००० या प्रणालीबरोबर युनिकोडला अनुसरणारा ‘मंगल’ हा देवनागरी टंक आला. तो रेखाटला होता मुंबईचेच सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. युनिकोडमध्ये ‘भारत’ हा शब्द भ, काना, र, त अशा चार क्रमांकांनी साठतो. टंक कोणताही असो, क्रमांक तेच राहतात. साधन उपलब्ध झाले, तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी कचेऱ्यांत आणि छापखान्यांत जुन्या टंकांतच लेखन होत राहिले. सवय हे त्याचे एक कारण. पण आपण जे साठवत आहोत ते मराठी नाही, हे लिहिणाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते, हे त्याहून मोठे कारण.

संगणकाच्या क्षेत्रात या प्रश्नाला जुना इतिहास आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६०मध्ये कार्यान्वित झाला. त्याचा शब्द चाळीस बिटांचा होता. १९६४मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र आले, त्याचा शब्द अठ्ठेचाळीस बिटांचा. एकाच्या यंत्रभाषेत लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याला उमगणे अशक्य होते. फोरट्रानसारख्या उच्चस्तरीय भाषेत लिहिलेले काम मात्र थोड्याफार दुरुस्तीने एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येई. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर विनासायास चालणे, या गुणाला स्थलांतरक्षमता म्हणता येईल. बेल प्रयोगशाळेत १९७३ साली युनिक्स ही प्रणाली ‘सी’ भाषेत नव्याने लिहिली गेली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात डेनिस रिची व स्टीफन जॉन्सन यांनी ती एका वेगळ्याच बनावटीच्या यंत्रावर नेली, तेव्हा अख्खी कार्यप्रणालीसुद्धा यंत्र बदलू शकते हे सिद्ध झाले.

तथापि आज्ञावली हलली म्हणजे माहितीही हलली, असे होत नाही. काही यंत्रे मोठ्या संख्येचा वजनदार भाग आधी साठवतात, काही हलका भाग आधी. एका यंत्राने जशीच्या तशी उतरवलेली स्मृती दुसऱ्याने वाचली, की अक्षरांच्या जोड्या उलटतात. ‘युनिक्स’ या नावाची चार रोमन अक्षरे जोडीजोडीने उलटून ‘नुक्सी’ होतात, म्हणून या अडचणीला ‘नुक्सी’ हेच नाव पडले. डॅनी कोहेन या संशोधकाने १९८०मध्ये या वादाला गलिव्हरच्या प्रवासकथेतील भांडणाची उपमा दिली. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून तेथे दोन राज्ये लढतात. कोणते टोक चांगले याला महत्त्व नाही, सर्वांनी एकच टोक धरणे महत्त्वाचे, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार होते. माहितीच्या देवघेवीसाठी ठरीव मांडणी असावी, या विचाराचे मर्म हेच आहे.

ठरीव मांडणी म्हणजे काय, हे ग्रंथालयात काम करणाऱ्याला निराळे सांगायला नको. १९६०च्या दशकात वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम यांनी ग्रंथनोंदींसाठी ‘मार्क’ ही पद्धत बसवली. मुख्य लेखकाचे नाव १०० क्रमांकाच्या रकान्यात, शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात, असा तिचा दंडक. ज्या यंत्रांसाठी ती आखली ती केव्हाच भंगारात गेली. त्या नोंदी मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या संगणकांवरून प्रवास करीत आजही जगभरच्या ग्रंथालयांत वापरात आहेत. पुढे हेच तत्त्व सर्व व्यवहारांसाठी मोकळे झाले. १९९८मध्ये एक्सएमएल ही मांडणी मान्य झाली. तीत प्रत्येक माहितीच्या दोन्ही बाजूंना तिचे नाव लिहिलेले असते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेली ‘जेसन’ ही मांडणी त्याहून आटोपशीर आहे. ‘शीर्षक’ म्हणून अमुक, ‘वर्ष’ म्हणून अमुक, अशा जोड्या तीत साध्या मजकुराच्या रूपात लिहितात. निरनिराळ्या प्रणालींमध्ये अशा फाइलींची देवघेव युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपातच व्हावी, हे २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या प्रमाणात स्पष्ट केले आहे. अशी फाइल कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीला वाचता येते. वेळ पडली तर माणसालाही.

या तत्त्वाचे नमुनेदार उदाहरण मुंबईकरांच्या डोळ्यांसमोरून रोज जात आले आहे. डबेवाल्यांच्या डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली काही अक्षरे आणि आकडे असतात. डबा कोणत्या स्थानकावर उतरायचा, तेथून कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर जायचा, एवढे त्यांतून कळते. डबा तीन-चार हातांतून जातो. दादरसारख्या स्थानकावर तो एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे सोपवला जातो, तेव्हा बोलायला वेळ नसतो आणि गरजही नसते. मात्र ज्या घरून डबा उचलला ते घर नेमके कोणते, हे उचलणाऱ्याच्या डोक्यातच असते. झाकणावर ते सविस्तर लिहिलेले नसते, कारण ती माहिती दुसऱ्या कोणाला लागतच नाही. आपल्या कक्षेतील गोष्ट आपल्या सोयीने ठेवावी, पण जेथे वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची तेथे सर्वांना मान्य खुणाच लिहाव्यात, हा या व्यवस्थेचा कणा आहे. स्थलांतरक्षम आज्ञावलीचाही कणा तोच. आत काय करायचे ते करणाऱ्याने ठरवावे. हद्दीवर मात्र करार पाळावा.

आता आपल्याकडील शिक्षणाकडे पाहावे. संगणकाची भीती घालवण्याचे काम एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी केले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्यापुढे जाऊन आज्ञावली लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही बहुतेक वेळा एखादे विशिष्ट साधन शिकवले जाते. त्याने लिहिलेला प्रकल्प त्याच्या संगणकावर चालला की गुण मिळतात. तो दुसऱ्याच्या संगणकावर चालतो का, त्याची माहिती दुसऱ्याची आज्ञावली वाचू शकते का, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणजे ज्या टप्प्यावर व्यवहारातील अडचणी सुरू होतात, त्याच टप्प्यावर परीक्षा संपते.

ही दिशा उलटी करणे खर्चाचे काम नाही. वर्गाचे हजेरीपत्रक हा पहिला धडा होऊ शकतो. एका विद्यार्थ्याने ते एका मांडणीत लिहावे, मांडणीचे वर्णन कागदावर द्यावे. आणि त्याच्याशी एक शब्दही न बोललेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने केवळ ते वर्णन वाचून, दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या भाषेत, ती फाइल वाचणारी आज्ञावली लिहावी. वाचून पुन्हा लिहिलेली फाइल मूळ फाइलीशी जुळली, तर दोघांनाही गुण द्यावेत. एवढ्या एका प्रयोगात पुष्कळ प्रश्न आपोआप वर येतात. नावाचा क्रम कोणता? आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात की नाही? शाळेच्या कचेरीत अर्ज तपासणाऱ्या लिपिकाला हा प्रश्न चांगला परिचयाचा आहे. ०३-०४-१९९८ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिली की हा संशय उरत नाही. दूरध्वनीचा ०२२ हा मुंबईचा संकेत संख्या म्हणून साठवला तर आधीचे शून्य गळून पडते, मग तो संख्या समजावा की मजकूर? देवनागरी ‘५’ आणि रोमन लिपीतील पाचाचा आकडा यांचे क्रमांक वेगळे आहेत, फाइलीत कोणता लिहावा? हे ठरवणे म्हणजेच आज्ञावलीची रचना करणे होय, आणि ते शिकण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

ठरीव मांडणी स्वीकारली म्हणजे सर्व संकटे टळली, असे मात्र समजू नये. मांडणीने आकार कळतो, अर्थ कळेलच असे नाही. अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९मध्ये मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एक आज्ञावली बलाच्या आवेगाचे आकडे पौंडांच्या मापात देत होती आणि ते घेणारी दुसरी ते न्यूटनच्या मापात आहेत असे धरून चालत होती. आकडे पोहोचले, एकक पोहोचले नाही. मराठीतही असा घरगुती दाखला आहे. ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ या शब्दांतील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एका क्रमांकाने लिहिता येते, तसेच र आणि नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येते. प्रमाणानुसार दोन्ही रूपे समान आहेत. पण हे न जाणणारी आज्ञावली एका रूपाने शोधते आणि दुसऱ्या रूपातील शब्द ‘नाही’ म्हणून सांगते. ‘ॲ’ या मराठीला नित्य लागणाऱ्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तोही २००८मध्ये. प्रमाण ही चालत राहणारी गोष्ट आहे. मराठीच्या गरजा तेथे मांडायच्या तर प्रमाण म्हणजे काय हे जाणणारी मराठी माणसे हवीत, आणि ती वर्गातूनच तयार व्हायची आहेत.

या विषयाचा संबंध पुस्तके आणि याद्यांपुरताच आहे, असेही नाही. परळच्या केईएम किंवा टाटा स्मारक रुग्णालयात उपचारांसाठी कोकणातून, विदर्भातून रुग्ण येतात. त्यांच्याबरोबर गावाकडे काढलेल्या सीटी स्कॅनची तबकडी असते. ते चित्र काढणारे यंत्र एका कंपनीचे आणि परळला ते पाहणारे दुसऱ्या कंपनीचे असले, तरी चित्र उघडू शकते. कारण १९९३पासून ‘डायकॉम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणात चित्राबरोबर रुग्णाचे नाव, तारीख, मापे हे सर्व कोठे व कसे लिहायचे ते ठरलेले आहे. असा करार नसता, तर तीच तपासणी पुन्हा करावी लागली असती. पैसा, वेळ आणि किरणोत्सर्ग यांचा भार रुग्णावरच पडला असता. चांगल्या मांडणीची किंमत अशा ठिकाणी कळते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. लालबाग-परळच्या गिरण्या १९८२च्या संपानंतर एकामागून एक बंद पडत गेल्या. त्या वस्तीतील मुलांना तत्काळ नोकरी मिळवून देणारे कौशल्य हवे असते. मालक जे साधन मागतो ते शिकवावे, तत्त्वे मागाहून पाहता येतील, असे वर्ग चालवणारे म्हणतात. पण गिरणगावाचा अनुभवच याच्या विरुद्ध साक्ष देतो. ज्याचे कसब एकाच यंत्राशी बांधलेले असते, त्याची किंमत त्या यंत्राबरोबर उतरते. खिळे जुळवणाऱ्यांवर ती पाळी आली, टंकलेखन यंत्रावर बोटे चालवणाऱ्यांवरही आली. त्या लोकांची बुद्धी किंवा मेहनत कमी नव्हती. जी साधने आज मागणीत आहेत ती दहा वर्षांनी असतीलच अशी हमी कोणी देत नाही. मार्कच्या नोंदी साठ वर्षे तगल्या, हे मात्र डोळ्यांपुढे आहे. विद्यार्थ्याने साधन शिकावे, पोटासाठी ते आवश्यकच आहे. पण साधन बदलले तरी सोबत येणारे ज्ञान त्याला त्याच वेळी मिळाले पाहिजे.

शिक्षणाइतकीच जबाबदारी संस्थांचीही आहे. शाळा, ग्रंथालय, पतपेढी किंवा गणेशोत्सव मंडळ जेव्हा आपल्या नोंदींसाठी आज्ञावली विकत घेते, तेव्हा दर आणि देखभाल यांवर घासाघीस होते. करारात आणखी एक कलम घालायला खर्च येत नाही: संस्थेची संपूर्ण माहिती, संस्था मागेल तेव्हा, युनिकोडमध्ये आणि जाहीर मांडणीत, तिच्या वर्णनासह, परत मिळाली पाहिजे. हे कलम नसेल तर आज्ञावली पुरवणारा व्यवसाय बंद करील त्या दिवशी सभासदांची यादी, पुस्तकांची नोंद आणि हिशेबाची वर्षे कुलूपबंद होतील. जुन्या टंकांत अडकलेल्या फाइलींसाठीही उपाय आहे. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. पण ज्या टंकात फाइल लिहिली त्याचे नाव माहीत असावे लागते, आणि रूपांतरानंतर वेलांट्या व रफार यांसाठी मुद्रितशोधकाची नजर फिरावी लागते. टंकाचे नाव सांगणारी माणसे निवृत्त होत आहेत. हे काम आणखी दहा वर्षे लांबणीवर टाकले, तर ते आजच्यापेक्षा पुष्कळ अवघड होऊन बसेल.

येत्या जूनमध्ये वर्ग भरतील तेव्हा संगणकाच्या शिक्षकांनी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्याच शाळेच्या किंवा शेजारच्या ग्रंथालयाच्या कपाटातील एक जुनी फाइल घ्यावी, विद्यार्थ्यांकडून ती वाचण्याजोग्या मराठीत आणून घ्यावी, तिच्यातील माहितीला रकाने आणि नावे द्यावीत आणि ती दुसऱ्या वर्गाच्या हवाली करावी. दुसऱ्या वर्गाला ती काही न विचारता वाचता आली, तर पहिला वर्ग संगणक शिकला असे खुशाल समजावे.